ओळीचं टोक

आटपाडी भागात धनगरी ओव्यांचा विषय निघाला की केरबा-गुंडाचं नाव पहिलं यायचं, आणि ते आलं की आकाराम मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची. खैरवाडीचे हे दोघे सख्खे भाऊ. दिल्लीला जाऊन आले, टीव्हीवर दिसले, त्यांच्या ओव्या मोबाईलवर लाखांनी बघितल्या गेल्या. पोरंसोरं त्यांच्यासोबत फोटो काढायची. मास्तर म्हणायचे, "दोघांत मिळून दीड गळा. बाकी सगळी हवा."

हे नुसतं जळणं नव्हतं. मास्तरांना ओवी कळत होती. बाप मेंढरामागं हिंडत गायचा, त्याच्याकडून सबंध बिरोबाची कथा त्यांनी लहानपणीच तोंडपाठ केली होती. प्राथमिक शाळेत तीस वर्षं नोकरी केली, सांगलीला विश्रामबागेत घर बांधलं, तरी गावाकडचं ओव्यांचं मंडळ सोडलं नाही. आवाज असा की बिनामाईकचा माळाच्या पल्याड जावा. पण स्पर्धा कुठलीही असो, मास्तर दुसरे आणि खैरवाडीची जोडी पहिली.

मास्तरांचा आक्षेप ठरलेला होता. केरबा मुख्य गाणारा. तो ओळ छान उचलायचा, उंच न्यायचा, पण शेवटचं अक्षर आलं की सोडून द्यायचा. जणू दम संपला. मग गुंडा मागून ते टोक उचलायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायची. मास्तर विचारायचे, "ओळ पुरी करता येत न्हाई, त्याला गाणारा म्हणायचं? आणि धाकटा काय करतो? शेपूट धरतो."

चार वर्षांपूर्वी साताऱ्यात लोककलांवर एक परिसंवाद झाला. मास्तरांना बोलायला बोलावलं होतं, आणि पहिल्या रांगेत केरबा-गुंडा सत्कारासाठी बसले होते. मास्तर भरल्या सभेत तेच बोलले. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. काही लोक हसले. केरबा खाली मान घालून ऐकत राहिला. कार्यक्रम संपल्यावर तो काठी टेकत मास्तरांपाशी आला. म्हणाला, "मास्तर, गळा लय चांगला हाय तुमचा. जपा." आणि निघून गेला. मास्तरांना वाटलं, म्हाताऱ्यानं टोमणा मारला. घरी येईपर्यंत ते बायकोला, अंजनाला, तेच सांगत होते.

पुढं दोन वर्षांनी केरबा गेला. मातीला मास्तर गेले नाहीत. गुडघा दुखतोय, असं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात केरबाची नात समीक्षा मास्तरांच्या दारात आली. ती विश्रामबागेतल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवायची. आजोबांच्या तोंडची बिरोबाची सबंध कथा कुणीच ध्वनिमुद्रित केलेली नव्हती, आणि आता ती धाकट्या आजोबांच्या डोक्यात तेवढी उरली होती.

"केरबाआजा गेल्यापासून गुंडाआजा गायलेला नाही," ती म्हणाली. "मी लई मागं लागले. शेवटी म्हणाला, आकाराम मास्तर पुढं बसत असतील तर बसतो."

"मीच का?"

"ते नाही सांगितलं."

मास्तरांनी विचार करतो म्हणून सांगितलं, पण समीक्षा फाटकाबाहेर पडायच्या आतच त्यांचा विचार झाला होता. केरबाच्या जागेवर बसायला मिळणार होतं. अंजनानं चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, "आता तरी त्या म्हाताऱ्याला चार गोड शब्द बोला."

महाविद्यालयातल्या एका बंद खोलीत, सकाळी दहाला ते बसले. भिंतींना जाड पडदे, मध्ये दोन माईक, कोपऱ्यात समीक्षा कानाला हेडफोन लावून. गुंडा शहात्तर वर्षांचा, वाळकुडा, डोक्याला लाल पटका. तो घोंगडीवर मास्तरांच्या डाव्या अंगाला बसला आणि थोडा मागं सरकला, नेहमी बसत असेल तेवढाच.

मास्तरांनी नमन धरलं. आवाज छान लागला होता. मग कथेतली, वाघरीत म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कोंडवाड्यात अडकलेल्या मेंढीची ओळ आली,

कोकरू राहिलं माळावरी, माय वाघरीत बोलावी...

मास्तरांनी शेवटचं अक्षर आपल्या पद्धतीनं खणखणीत पुरं केलं. आता गुंडानं उचलायचं. गुंडानं उचललं नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. मग तो हळूच आत आला आणि ओळ पुढं गेली.

पुढच्या ओळीला तेच. त्याच्या पुढच्या ओळीलाही. प्रत्येक वेळी मास्तरांची ओळ संपायची, मग खोलीत तेवढीच शांतता, मोजून तेवढीच, आणि मग गुंडा. मास्तरांना वाटलं, वय झालं, कान गेले. त्यांनी आवाज चढवला. ती जागा तशीच राहिली. अर्ध्या तासानं त्यांच्या मानेवरून घाम उतरू लागला. ती शांतता मोकळी नव्हती. भरल्या घरात एका खोलीचं दार लावलेलं असावं आणि आत कुणीतरी बसलेलं आहे हे बाहेरच्यांना कळावं, तसं काहीतरी तिच्यात होतं.

शेवटी मास्तर थांबले. "आप्पा, उशीर होतोय तुमचा. माझी ओळ संपली की लगेच या."

गुंडा त्यांच्याकडं बघत राहिला. "अजून संपली न्हवती."

"कुणाची?"

गुंडानं मांडीवरची झांज उचलली, परत खाली ठेवली. समीक्षानं हेडफोन काढला आणि म्हणाली, "आज एवढं पुरे."

निघताना तिनं मास्तरांना एक पेनड्राइव्ह दिला. केरबा आजारी असताना घरातच तिनं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग होतं. मोबाईल गुंडाच्या गुडघ्यावर ठेवलेला. "बघा काही उपयोग झाला तर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंजना शेजारी गेली होती. मास्तरांनी लेकाचा जुना हेडफोन लावून ते सुरू केलं. केरबाचा खालावलेला आवाज आला. ओळ वर गेली, शेवटच्या अक्षराशी आली, आणि नेहमीप्रमाणं सुटली. मास्तर मनाशी म्हणाले, झालं, संपला दम. मागून गुंडा आला.

पण गुंडा लगेच आला नव्हता. मास्तरांनी पुन्हा मागं नेऊन ऐकलं. तिसऱ्यांदा आवाज पुरता वाढवून ऐकलं.

ओळ सुटली नव्हती. केरबानं ती खाली ठेवली होती. शेवटचं अक्षर वरून उतरत उतरत पार खर्जात गेलं होतं आणि तिथं धरून ठेवलेलं होतं. गुणगुण म्हणावी तर गुणगुण नव्हे. घागरीच्या तोंडाशी बोलून बाजूला झाल्यावर आत जे घुमत राहतं, तसं. सभेतल्या माणसाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. स्पर्धेच्या भोंग्यांनी ते खाऊन टाकलं असणार, टीव्हीवाल्यांच्या माईकनं गोंगाट समजून काढून टाकलं असणार. ते फक्त हातभर अंतरावर मागं बसलेल्या माणसासाठी होतं. आणि गुंडाचा सूर नेमका त्या घुमाऱ्यातून वर येत होता, खांद्यावर पाय देऊन पोरगं भिंतीवर चढावं तसा. दम संपलेल्या माणसाला हे जमणार नव्हतं. दोघांचा दम असलेल्यालाच जमलं असतं.

मास्तर पंचेचाळीस मिनिटं ऐकत बसले. अंजना परत आली तेव्हा ते हेडफोन काढून नुसते बसले होते, आणि त्यांना ते तसंच ऐकू येत होतं.

त्यानंतर ते ऐकू येणं थांबेना. मोबाईलवरच्या जुन्या ओव्या त्यांनी काढून बघितल्या. त्यात तो घुमारा असणं शक्य नव्हतं, तरी आता प्रत्येक ओळीखाली तो येऊ लागला. मिक्सर बंद झाला की त्याच्या मागं यायचा. शेजारच्या बंगल्यातली कूपनलिकेची मोटार थांबली की यायचा. अंजना काही विचारायची आणि हे गप्प. एकदा ती वैतागून म्हणाली, "आवं, माझं बोलून झालं कवाचं. उत्तर तरी द्या."

"झालं व्हय?" मास्तर म्हणाले. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता.

चौथ्या दिवशी त्यांनी आटपाडीची एसटी धरली आणि पुढं वडापच्या जीपनं खैरवाडी गाठली. गुंडा लिंबाखाली बाजेवर बसून लोकर निवडत होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं करून तो म्हणाला, "बसा. उन्हाचं आलासा."

मास्तर बाजेच्या कडेला टेकले. एसटीत जुळवलेलं बोलणं आठवेना. ते एवढंच म्हणाले, "आप्पा, मला ऐकू आलं."

गुंडाचे हात थांबले. "कवा?"

"चार दिस झालं. पेनड्राइव्हवर."

"बरं झालं," गुंडा म्हणाला, आणि परत लोकर निवडू लागला.

"साताऱ्यात मी काय बोललो, ते..."

"हाय की ध्यानात. त्यानं लय मनाला लावून घेतलं तुमचं." गुंडा शांतपणे सांगत होता, कुठल्या तरी जुन्या दुष्काळाचं सांगावं तसं. "घरी आला आणि म्हनला, मास्तर जाणकार हाय, उगं बोलायचा न्हाई. मग महिनाभर ओळ वर नेऊन वरच तोडायचा. तुमच्यावानी. लोक म्हनायचे, म्हातारपणी आवाज उघडला. आणि मला आत शिरायला जागाच न्हाई. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा गप्पच बसलो. साठ वरसांत पयल्यांदा भांडलो आमी. आठ दीस बोललो न्हाई एकमेकासंगं."

"मग?"

"मग एक दिवशी सकाळी मेंढरं सोडताना म्हनला, गुंडा, मास्तरला ऐकू येत न्हाई म्हणून तुला ऐकू येतंय ते बंद करू व्हय? आणि परत खाली ठेवाय लागला."

लिंबाची वाळकी पानं बाजेवर पडत होती. मास्तरांना वाटलं, यानं आपल्याला शिव्या द्याव्यात. त्या आल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मग मला का बोलावलंत? दुसरं कोणबी बसलं असतं."

"दुसरं कोणबी केरबाच्या पाया पडून बसलं असतं. त्याच्यासारखं गायला बघितलं असतं." गुंडानं लोकरीतला काटा काढून फेकला. "त्याची नक्कल मला सोसली नसती, मास्तर. तुमी तरी तसं करणार न्हाई, ही खात्री होती."

पुढच्या आठवड्यात ते परत त्या खोलीत बसले. मास्तरांनी समीक्षाला माईक हलवायला सांगितले आणि स्वतः घोंगडीच्या मागच्या कडेला, डाव्या अंगाला जाऊन बसले.

"हे काय?" समीक्षानं विचारलं.

"पुढं आप्पा गातील. मी मागनं उचलतो."

गुंडा गोंधळला. आयुष्यात त्यानं ओळीला सुरुवात अशी केलेली नव्हती. पहिला दिवस जवळजवळ वाया गेला. कथा सगळी डोक्यात होती, पण पहिला शब्द तोंडात येईना. केरबानं सुरू केल्याशिवाय त्याला तो येतच नसे. मास्तर घाई न करता बसून राहिले. वर्गात अडलेल्या पोराला त्यांनी कधी शब्द सुचवला नव्हता, पण इथं त्यांनी हळूच सुचवला. दुपारनंतर गुंडाचा गळा मोकळा झाला. पातळ, चिरका, म्हातारा आवाज होता. त्यात केरबाची उंची नव्हती.

मास्तर दोन दिवस चुकत राहिले. गुंडाची ओळ संपली असं वाटायचं आणि ते आत जायचे, आणि गुंडा मान हलवायचा. अजून न्हाई. तिसऱ्या दिवशी, कोकराच्या ओळीपाशी गुंडाचं शेवटचं अक्षर उतरू लागलं. मास्तरांनी श्वास धरला. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि तिथं घुमलं. पण तो घुमारा गुंडाचा नव्हता. गुंडाचा गळा एवढ्या खर्जात पोचणारा नव्हताच. पेनड्राइव्हवर पंचेचाळीस मिनिटं ऐकलेला घुमारा मास्तरांना हजारांत ओळखता आला असता. गुंडा मागं वळला नाही, पण त्याच्या पाठीवरून कळत होतं की त्यालाही ऐकू येतंय आणि त्याची त्याला सवय आहे.

मास्तरांनी सूर उचलला.

ओळ पुढं गेली. समीक्षा कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. तिनं काय ऐकलं ते मास्तरांनी नंतर विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

कथा सहा दिवसांत पुरी झाली. शेवटच्या दिवशी मास्तर गुंडाला सोडायला सांगलीच्या स्टँडवर गेले. आटपाडीची गाडी लागलेली होती. गुंडानं खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून हात बाहेर काढून मास्तरांचा हात धरला.

"आता जातंय का बघा ते तुमच्या कानातनं," तो म्हणाला.

"तुमच्या गेलं का?"

"माझ्या कशाला जाईल?" गुंडा म्हणाला. "मला तेवढंच ऱ्हायलंय."

गाडी मागं सरली आणि फाटकातून वळून निघून गेली. मास्तर रिक्षा न करता विश्रामबागेच्या रस्त्यानं चालत निघाले. भर दुपार होती, रस्त्यावर गर्दी होती. चालता चालता त्यांनी नमनाची ओळ तोंडातल्या तोंडात धरली, वर नेली, शेवटच्या अक्षराशी आणली आणि खाली ठेवली. मग एका दुकानाच्या पायरीशी ते थांबून राहिले. मागनं कुणीतरी उचलेपर्यंत त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.