कोणाच्या जीपमधून

ईश्वरीने स्क्रीनवरची दोन नावं पुन्हा मोठी करून पाहिली आणि लॅपटॉप सासूबाईंकडे वळवला. मटार सोलणाऱ्या शशिकलाबाईंनी चष्मा सावरला.

"चिन्ह कुठंय?"

"नाही आई. अमेरिकेतल्या आमच्या राज्यात या पदाला पक्षच नसतो. नुसती नावं."

"पद कसलं?"

"जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील. बंद झालेली केस पुन्हा उघडायची की नाही, तो ठरवतो."

शशिकलाबाई हसल्या. "आमच्या ग्रामपंचायतीलाही पक्ष नसतो म्हणे! उमेदवार कोणाच्या जीपमधून उतरतो ते बघायचं. झालं."

ईश्वरी उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. फुटबॉलचा वर्ल्ड कप पंधरवड्यावर आला होता. खाली या आखाती शहरातल्या बिन महमूद वस्तीच्या रस्त्यावरून निळ्या-पांढऱ्या शर्टातली पोरं हॉर्न वाजवत चालली होती. वॉचमन रहमानने ब्राझीलचा पिवळा शर्ट चढवला होता. त्याला कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

ईश्वरीचा जन्म अमेरिकेतला, म्हणून हे मत. धाकटा भाऊ शौनक तिथेच नोकरीला होता. हायवेच्या कडेला उभ्या ट्रकवर त्याची गाडी आदळली आणि तो गेला. पहिला उमेदवार भाषणात सांगत होता, बंद केलेल्या अपघातांच्या केसेस मी उघडीन. नाशिकला बाबांनी ते भाषण इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातली इंग्रजी वाक्यं त्यांना पाठ झाली होती.

दुसरी उमेदवार म्हणजे शौनकची केस बंद करणारी सरकारी वकील. तिने ईश्वरीला स्वतः फोन केला होता. ट्रक रस्त्याच्या बाहेर होता, त्याचे दिवे चालू होते. शौनकने ब्रेक लावलाच नव्हता. बहुधा त्याला झोप लागली होती. कोर्टात उलटतपासणी करावी तशा ईश्वरीने शंका काढल्या होत्या. एकही टिकली नव्हती. बाबांना तिने एवढंच कळवलं होतं, केस बंद झाली.

फोन वाजला. बाबाच.

"ईशू, टाकलंस का मत? त्या बाईला पाडायचंय. ट्रकवाल्यांनी विकत घेतलेली आहे ती."

"टाकते बाबा. लगेच फोन करते."

"शौनकसाठी, हं."

तिने एका नावापुढे खूण केली. ओढणीला बोटं पुसली. मग बटण दाबलं.

"कोणाला दिलंस गं?"

"जी कोणाच्याच जीपमधून उतरली नाही, तिला."

शशिकलाबाईंचे हात थांबले. "व्याह्यांना हे ठाऊक आहे?"

ईश्वरीने नकारार्थी मान हलवली. खाली हॉर्न वाढले होते. शशिकलाबाईंनी उठून खिडकी लावली आणि मटारचं ताट घेऊन त्या आत गेल्या.

पहिल्याच रिंगला बाबांनी फोन उचलला.

"दिलंस?"

"दिलं. बाबा, तुम्ही उभे आहात का?"

"का गं?"

"आधी बसा."