कोपऱ्यापर्यंतचा फटका

भर दुपारी मागच्या दाराने सुरा घेऊन चोर शिरला, आणि लॉन्ड्रीवाल्या मामांनी बाहीला इस्त्री करायची लाकडी फळी उचलून त्याच्या मनगटावर एकच फटका हाणला. सुरा पडला, चोर आल्या वाटेने पळाला. मामांनी दार लोटून कडी घातली आणि ते धुवायच्या कपड्यांवर बसून रडले. घडलं ते एवढंच.

पण एवढ्यावर मामांचं समाधान कसं व्हायचं? दुसऱ्याच दिवशी सांगताना एका फटक्याचे तीन झाले. मग मामा चोरामागे धावले. आठवडा सरेपर्यंत त्यांनी त्याला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पिटाळून पायावर फळी घातली होती. गल्ली नुसती खूश!

मग चोर पोलिसांना सापडला, आणि सापडला तो पाय मोडलेला. मामांची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती. "मी पळत होतो, यांनीच मागून येऊन पाय मोडला," अशी त्याने उलट तक्रार ठोकली.

मामांची भाची वकील. ती तडक आली.

"तो सुरा घेऊन अंगावर आला तेव्हा तुम्ही मारलंत, इथवर कायदा तुमच्या पाठीशी आहे, मामा. पण तो पाठ फिरवून पळाला की धोका संपला. त्यानंतर मारलं तर तो बचाव नाही, सूड होतो. त्याला शिक्षा आहे."

"अगं, पण मी कुठे मारलं?"

"मारलं नाहीत, पण सांगितलंत मात्र गावभर!"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "खोटं होतं हो ते," म्हणत ते दुकानोदुकानी फिरले. लोक डोळे मिचकावत म्हणाले, "घाबरू नका मामा, कोपऱ्यापर्यंतची साक्ष आम्ही देतो!" असल्या जिवलगांपुढे काय कपाळ फोडायचं?

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी आले. गल्ली दारात जमली. "खरं तेवढंच बोला, बाकी मी बघते," भाची म्हणाली. मामांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, अगदी कपड्यांवर बसून रडल्याचंही.

"फळी तर हातातच होती. दुसरा फटका का नाही मारलात?"

"त्याची पाठ दिसली, साहेब. पाठमोऱ्या माणसाला कसं मारू?"

भाची चमकली. हे काही तिने शिकवलं नव्हतं.

इतक्यात मागच्या बाजूचा शिंपी पुढे आला. "साहेब, मी खिडकीतून पाहिलं होतं. मामांनी दार लावलं, आणि तो एकटाच पळताना पायऱ्यांवरून घसरला. पाय तिथेच मोडला."

"मग इतके दिवस गप्प का बसलास रे?" मामा ओरडले.

"तुम्ही इतकं रंगवून सांगत होतात, म्हटलं मोडता कशाला घाला!"

अधिकाऱ्यांनी हसू दाबत जबाब लिहून घेतला. मामांवरचं बालंट टळलं.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "मामा, काय झालं हो त्या दिवशी?"

"एक फटका मारला आणि दार लावलं."

"एवढंच?"

"एवढंच," मामा छाती काढून म्हणाले. "कायद्याला एवढंच पुरतं."