खंडेनवमीच्या किल्ल्या

यज्ञेश्वर नातूंनी लेथवरची धूळ झटकली. ती शेजारच्या ड्रिल मशीनवर जाऊन बसली. संग्रहालयात रोज एवढीच काय ती हालचाल होत असे.

खडकीतला हा लाल विटांचा कारखाना एके काळी पाण्याचे पंप बनवी. तो बंद पडल्यावर ट्रस्टने त्याचं संग्रहालय केलं आणि निवृत्त टाइमकीपर नातूंना व्यवस्थापक नेमलं. तेव्हापासून झाडणारे, दिवे लावणारे आणि पुष्कळदा एकमेव प्रेक्षकही तेच. शेवटी त्यांनीच कळवलं, गुडघे दुखतात, आता झेपत नाही. आज चारला सचिव गोडबोले किल्ल्या न्यायला येणार होते. मग कुलूप, ‘पुढील निर्णय होईपर्यंत’. पुण्यात असे निर्णय पुढच्या पिढीवर सोपवण्याची पद्धत आहे.

दारात गेनबा उभा राहिला. या लेथवर त्याचा जन्म गेला होता. दर खंडेनवमीला तो हळदकुंकू आणि झेंडू घेऊन वाघोलीहून येई.

“साहेब, हाय का अजून आपलं दुकान?”

“चारपर्यंत आहे.”

गेनबाने लेथचं चाक फिरवून पाहिलं. ते हललं नाही.

“ह्याला पुजत न्हाई यंदा.”

“का हो?”

“रोज राबतं त्याला एक दिस इसावा, म्हणून पूजा. ह्ये तर बारा म्हैने निजलंय.” त्याने पाट मांडला. “हितं राबतंय काय, ते सांगा.”

नातूंनी केरसुणी आणली.

“तिचा मान दिवाळीत.”

नातूंनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, क्षणभर हातात तोलला आणि पाटावर ठेवला.

“पुजल्यावर उद्यापर्यंत उचलायचं न्हाई. म्हाईत हाय न्हवं?”

“अहो, खंडेनवमीला तुम्ही सगळे हात पुसून बसायचात आणि मी हजेरी मांडायचो. मला माहीत नसेल?”

गोडबोले ठरल्या वेळी आले. नातूंनी पाटाकडे बोट दाखवलं. गोडबोल्यांचा हात पुढे गेला, झेंडूवर थबकला आणि परत येऊन केस सारखे करू लागला.

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“मग घ्या ना.”

गोडबोल्यांनी पाटाभोवती एक फेरी मारली. ती प्रदक्षिणा नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“उद्या दसरा. सोमवारी येतो. पण आज दाराला कुलूप?”

“नाही लागणार. मी बसतो इथे.”

“आणि गुडघे?”

“बसायला कुठे लागतात?”

गोडबोले गेले. नातूंनी बाकावर अंग टाकलं. गेनबाने पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि लेथकडे वळला.

“अहो, आज हत्याराला हात लावत नाहीत ना?”

“ह्याला पुजलं कुठं? ह्याला चालतंय.”

“यंत्रांना स्पर्श करू नये, असा ट्रस्टचा नियम आहे,” नातू म्हणाले. मग कण्हत उठले, बाह्या वर केल्या आणि चाक पलीकडच्या बाजूने धरलं.