सेवेतला खंड

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायला चार महिने राहिले, तेव्हा सेवाज्येष्ठतेची यादी फलकावर लागली. यादीत जो पहिला, तो पुढचा मुख्याध्यापक, असा सरळ हिशेब. पहिलं नाव चित्रकलेच्या सरांचं होतं, दुसरं भूगोलाच्या बाईंचं.

बाईंनी चष्मा पुसला आणि यादी पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वाचनालयात आल्या. मी तिथला ग्रंथपाल. बाई गेली वीस वर्षं मधल्या सुट्टीत डबा माझ्याकडेच खात, म्हणून सुखदुःखाचं काही असलं की ते आधी मला कळायचं.

"मी सरांच्या आधी वर्षभर लागलेय हो," त्या म्हणाल्या. "त्यांना पहिल्या दिवशी वर्ग कुठे ते मीच दाखवलं होतं."

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. हेडक्लार्कने बाईंचं जुनं सेवापुस्तक काढलं. "बाई, तुमच्या सेवेत खंड आहेत. त्या काळी मोठी सुट्टी लागली की हंगामी शिक्षकांना कमी करायचे आणि शाळा उघडली की परत घ्यायचे. तुम्हाला तीनदा कमी केलं. तुमची सेवा धरलीय ती त्यानंतरची."

"सरांनाही केलं होतं की."

"केलं होतं. पण संघटनेने अर्ज करून खंड माफ करून घेतले. ज्यांनी सह्या केल्या त्यांचे. तुमची सही नाही."

सही का नव्हती ते मला ठाऊक होतं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं, "तुम्ही असल्या भानगडीत पडू नका. मी आहे ना." ते पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. मधल्या काळात शिक्षकखोलीत दोन टेबलं पडली होती. सह्या करणाऱ्यांना शिक्षा म्हणून वर्षभर दिवसाचे शेवटचे तास मिळाले. सह्या न करणाऱ्यांशी त्यांच्या टेबलावरचं कोणी बोलेना. बाईंना दोन्हीकडे घास उतरेना, म्हणून त्या डबा घेऊन माझ्याकडे यायला लागल्या.

घरी बाईंचे यजमान म्हणाले, "राहू दे. तीन वर्षं तर उरलीत."

"आजवर राहूच दिलंय," बाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. बोलू नका, नुसते उभे राहा." संघटनेच्या सरचिटणीसांना भेटायचं होतं, आणि सरचिटणीस होते चित्रकलेचे सर.

सर मुलांची चित्रं इयत्तेप्रमाणे लावत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, "माझे खंड माफ व्हावेत म्हणून संघटनेने अर्ज करावा, अशी विनंती आहे."

सरांनी हातातलं चित्र खाली ठेवलं. "ते माफ झाले तर मी दुसऱ्या नंबरवर जातो, बाई."

"माहीत आहे."

"तुम्ही सभासदही नाही."

"फॉर्म द्या. आत्ता भरते."

सरांनी चित्रांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, "तुमच्या सहीसाठी मी तेव्हा तीनदा आलो होतो."

"आला होतात. मी घाबरले होते."

"आम्ही काय शूर होतो? आम्हीही घाबरलोच होतो," सर म्हणाले आणि त्यांनी कपाटातून फॉर्म काढला.

कार्यकारिणीची बैठक शनिवारी माझ्याच वाचनालयात झाली, कारण धड खुर्च्या तिथेच होत्या. खेळाचे सर तडकले, "वीस वर्षं इकडे फिरकल्या नाहीत. आम्ही उन्हात उभं राहायचं आणि यांनी पिकलेलं खायचं?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मलाही ते अगदीच खोटं वाटलं नाही.

चित्रकलेचे सर उठले. "हा विषय माझ्या पदाचा आहे, मी बाहेर थांबतो. जाण्याआधी एवढंच सांगतो. 'फक्त सह्या करणाऱ्यांसाठी' हे कलम संस्थेने घातलं आणि आपण ते कबूल केलं. पदरात पडतंय ते घ्यावं म्हणून. त्या कागदावर अक्षर माझं आहे. मला तेव्हाही ते खटकलं होतं." आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

पाच विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. विरोधातला एक हात खेळाच्या सरांचा होता, पण दुसऱ्या दिवशी जुने कागद शोधायला तेच माझ्याबरोबर माळ्यावर चढले. "ठराव झाला की झाला," असं म्हणत त्यांनी गठ्ठे खाली दिले.

दोन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं. बाईंचे खंड माफ झाले आणि जुने मुख्याध्यापक निवृत्त होताच त्या मुख्याध्यापिका झाल्या. संघटनेच्या नियमाप्रमाणे मुख्याध्यापकाला सभासद राहता येत नाही, त्यामुळे बाईंना लगेच राजीनामा द्यावा लागला. "आमची सर्वांत अल्पायुषी सभासद," असं म्हणत सरांनी तो स्वीकारला. सगळे हसले, बाईसुद्धा.

पण सगळं काही हसण्यावारी गेलं नाही. सरांनी घरी, नातेवाइकांत आपण मुख्याध्यापक होणार हे सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पत्नीने बाईंशी बोलणं टाकलं. सर स्वतः केबिनमध्ये येत, शिक्षकांच्या मागण्या मांडत, कधी आवाज चढवत, आणि बाईंना 'मॅडम' म्हणत. "अहो, बाईच म्हणा," असं त्या दोनदा म्हणाल्या. सर नुसते मान हलवत. बाई त्यांच्या निम्म्या मागण्या मान्य करायच्या आणि उरलेल्यांवर त्यांच्याशी तासभर वाद घालायच्या.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले, चित्रकलेचे शिक्षक म्हणूनच. शेवटच्या आठवड्यात ते पुस्तकं परत करायला आले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "सर, कधी पश्चात्ताप झाला?"

"झाला ना," ते म्हणाले. "पहिले सहा महिने त्या केबिनवरून जाताना रोज व्हायचा. मग कमी झाला." त्यांनी पुस्तकं मोजून माझ्यापुढे ठेवली. "एक घरी राहिलंय. उद्या आणतो."