हिरड्यांवरचे डाग

धान कापता कापता ललिताबाई शेताच्या बांधीतच बसल्या आणि हातातला विळा गळून पडला. कवडूने त्यांना उचललं आणि तो दचकला. पोळ्यापर्यंत धडधाकट असलेली बायको इतकी हलकी कधी झाली?

आंबागड गावात कुजबुज आधीपासून होती. कवडूच्या थोरल्या भावाचंही अंग असंच उतरत गेलं होतं आणि शेवटी कॅन्सर निघाला होता. तो शब्द कवडू घरात कोणाला उच्चारू देत नव्हता. तुमसरला छोटा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दामिनींनी ललिताबाईंना याआधी दोनदा तपासलं होतं. साखर ठीक, थायरॉईड ठीक, थुंकीत टीबी नाही. "नागपूरला मोठं स्कॅन करून घ्या," त्या म्हणाल्या होत्या. कवडू कापणीचं निमित्त काढून ते पुढे ढकलत राहिला. त्याला उत्तराचीच भीती होती.

आता पर्याय नव्हता. कापणीसाठी वरठीहून माहेरी आलेली मुलगी टीना आईचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. वाटेत आईला दोनदा उलटी झाली. तुमसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ललिताबाई हाकेला ओ देईनाशा झाल्या.

"मॅडम, बीपी नीट लागतच नाही," नर्स म्हणाली.

सलाईन सुरू झालं. रक्तातली साखर घसरली होती म्हणून ग्लुकोज दिलं. तरीही बीपी वर येईना.

"नागपूरले नेऊ का जी?" कवडूने विचारलं.

"या अवस्थेत वाटेतच काही होईल."

अंगातलं पाणी किती आटलंय ते पाहायला दामिनींनी बॅटरी लावून ललिताबाईंचं तोंड उघडलं आणि हात तसाच थांबला. हिरड्यांवर निळसर काळे डाग होते. त्यांनी ललिताबाईंचा हात उलटा करून तळवा पाहिला. रेषा शाईने ओढल्यासारख्या काळ्या.

"या रेषा आधीपासून इतक्या काळ्या आहेत?"

"उनात राबते जी, काळी पडनारच," कवडू म्हणाला.

"ऊन तोंडाच्या आत जातं का?"

आधीच्या दोन्ही वेळी दामिनींनीही तो रंग उन्हाचाच समजला होता.

"माय अशी नव्हती," टीना म्हणाली. "माह्या लग्नातले फोटो पाहा."

"काय खावंसं वाटतं त्यांना?"

"जेवन जात नाही. मीठ मागते नुसतं. हातावर घेऊन चाटते."

कवडूची मान खाली गेली. "म्या बंद केलं ते. मिठानं रक्ताचं पानी होते म्हनत लोक. बरनी कुलपात ठेवली. मागत होती जी, रडत होती."

त्यावरून त्याला बोल लावत बसायला दामिनींकडे वेळ नव्हता. "किडनीच्या वर दोन लहान ग्रंथी असतात," दामिनी भराभर म्हणाल्या. "अंगातलं मीठ आणि बीपी त्या सांभाळतात. त्या निकामी झाल्या की हिरड्यांवरसुद्धा असे डाग येतात. तसंच झालं असावं. रक्त नागपूरला पाठवते, पण रिपोर्ट येईपर्यंत थांबता येणार नाही. त्या ग्रंथी जे बनवतात ते आत्ताच इंजेक्शनने द्यावं लागेल."

"अन् तुमचं चुकलं तं?" टीनाने विचारलं.

"एका इंजेक्शनने फारसं बिघडणार नाही. पण माझं बरोबर असेल आणि दिलं नाही, तर आई हातची जाईल."

टीनाने बापाकडे पाहिलं. "द्या जी," कवडू म्हणाला.

आधी रक्त काढून घेतलं, मग दामिनींनी स्वतः इंजेक्शन दिलं. सलाईनची दुसरी बाटली लागली. कवडू खाटेचा लोखंडी दांडा धरून उभा होता. नर्स पुन्हा पुन्हा बीपी घेत होती आणि नुसती मान हलवत होती. बाटली अर्धी झाली तेव्हा ती म्हणाली, "लागलं, मॅडम. वाढून राहिलं."

ऊन उतरता उतरता ललिताबाईंनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"धान झाकलं का कोनी?"

"झाकलं," कवडू म्हणाला. झाकलं नव्हतं. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं.

रिपोर्टने दामिनींचा अंदाज खरा ठरवला. नागपूरच्या स्कॅनमध्ये कारणही सापडलं. टीबीने फुप्फुसं सोडून त्या ग्रंथींमध्येच घर केलं होतं. म्हणून खोकला नव्हता, थुंकीतही काही दिसलं नव्हतं. टीबीचा इलाज सुरू झाला. ग्रंथींचं काम मात्र यापुढे गोळ्याच करणार होत्या.

"कधीपावतर?" ललिताबाईंनी विचारलं.

"जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर लगेच माझ्याकडे यायचं."

"जलमभर म्हनता, म्हंजे जगनार तं आहे ना मी?"

दामिनी हसल्या. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर, मोहफुलांच्या दिवसांत ललिताबाई टोपली घेऊन बायकांबरोबर जंगलात जाऊ लागल्या. निघण्याआधी कवडू गोळी आणि पाण्याचा गडवा घेऊन दारात उभा राही.