तोंड फरशीला

मी एक जुना गालिचा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला माणसांची शिसारी आली आहे.

माझा जन्म बेळगुंदीचा. शालूबाईंनी गोणपाट ताणून, त्यात जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ओवून मला घडवले. कॅलेंडरातला मोर त्यांनी काढला नाही. काढले आपले भाताचे शेत, त्यात रोप लावताना वाकलेली बाई आणि तिच्या पाठीवर बसलेला बगळा! शेजारणी पोट धरून हसल्या. "बगळा म्हशीवर बसतोय गं, बाईवर न्हाय!"

"मी दिसभर वाकलेलीच हुते, म्हणून बसला," शालूबाई म्हणाल्या.

त्यांच्या लेकीबरोबर, सौम्याबरोबर, मी निपाणीला आलो. सासूबाई विनोदिनीकाकूंनी तोंडभर कौतुक केले आणि मला उलटा घातला. "लई सुरेख हाय, पण चित्र मळंल. मोठा पाहुणा आला की सुलटा घालूया."

झाले! पाठीवर चहा, वरणभात, आजारी पोरांच्या ओकाऱ्या. सौम्याच्या नवऱ्याची, आशिषरावांची, तंबाखूची पिंक तर माझ्यावरच पडायची. शी! त्याहून घाण खाली होती. फरशीची ओल माझ्या तोंडात मुरत होती आणि झाडू वरच्या वर फिरत होता. डॉक्टर आले, वकील आले, पण काकूंच्या लेखी पुरेसा मोठा पाहुणा अकरा वर्षांत आलाच नाही. शालूबाई येत, बघत, चहा पिऊन परत जात. लेकीच्या सासरी तोंड कोण उघडणार?

यंदा बेळगावात बायकांच्या हातकामाचे प्रदर्शन ठरले. शालूबाईंची बोटे आता वळत नाहीत, दुसरा गालिचा होणे नाही. म्हणून त्या मला न्यायला आल्या.

सौम्याने मला पालथ्याचा उताणा केला. शेत बुरशीने काळे पडलेले, बाईचा चेहरा झुरळांनी खाल्लेला. भपकारा सुटला. काकूंनी नाकाला पदर लावला. "अगं बाई! जपूनच ठेवला हुता की हो मी!"

शालूबाईंनी बुरशीवर हात ठेवला. "पाय पुसून झिजला असता तरी चाललं असतं, विहीणबाई. कुणी बघितला तरी असता." मग लेकीला म्हणाल्या, "धर बाजू. असाच न्यायचा."

आता मी प्रदर्शनात टांगलेला आहे. लोक नाक दाबून येतात, पण थांबतात आणि त्या बिनचेहऱ्याच्या बाईकडे बघत राहतात.

मित्रांनो, कुणाच्या हातचे काही तुमच्या घरात जपून उलटे पडले असेल, तर आजच सुलटे करा. मळेल, झिजेल, पण करणारीचे डोळे मिटण्याआधी दिसेल तरी.