राखीव खूण

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं मशीन होतं, फ्रेमच्या खोक्यांची छतापर्यंत चळत होती आणि उरलेल्या जागेत तीन स्टुलं कशीबशी मावत होती. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी, एरवी काचा घासणाऱ्या काकू तिथे शिकवणी घ्यायच्या. शिकवणी काचा घासायची नव्हे. हरवलेल्या माणसांच्या घरच्यांचा एक ऑनलाइन समूह होता आणि मॉडरेटर म्हणून काकू त्यात एकट्याच राबत होत्या. हजारो सभासद आणि राखणीला एक बाई. एका हाताने काच धरायची, दुसऱ्या हाताने मोबाइल चाळायचा, असा सगळा कारभार. एकदा एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली, तेव्हा मालकांनी हात जोडले. "काकू, दोन्हीपैकी एक काहीतरी नीट करा." मग काकूंनी मदतीला स्वयंसेवक शोधले.

आले तिघे. एक निवृत्त हेडमास्तर, एक नर्स आणि एक वायरमन.

"एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "'तुमचा माणूस मला दिसला' असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काहीही पाहिलेलं नसतं. आपल्याकडची जाहिरात वाचायची, त्यातलंच चार ओळींत परत लिहायचं आणि खाली फोन नंबर टाकायचा. घरच्यांनी फोन केला की म्हणायचं, गाडीभाडं पाठवा, घेऊन येतो. चांगली शहाणीसुरती माणसं पाठवतात हो."

"आणि एखाद्याने खरंच पाहिलं असेल तर?" नर्सने विचारलं.

"त्याच्यासाठी राखीव खूण."

राखीव खूण ही काकूंचीच युक्ती होती. प्रत्येक घराने आपल्या माणसाची एक गोष्ट जाहिरातीत द्यायची नाही, फक्त मॉडरेटरकडे ठेवायची. एखादी मुलगी हसताना तोंडावर हात धरते, एखादे आजोबा शर्टाचं वरचं बटण कधी लावत नाहीत, असलं काहीतरी. पोस्टमध्ये फोटो असेल किंवा ती खूण असेल तर घरच्यांना कळवायचं. नसेल तर कुणाला दिसायच्या आधीच पोस्ट काढायची.

"आणि दोनदा वाचायची नाही," काकू म्हणाल्या. "दोनदा वाचली की दया येते."

काढलेली पोस्ट कायमची पुसली जायची आणि लिहिणाऱ्याचं खातंही बंद व्हायचं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी काढलेल्या पोस्टी एका कोपऱ्यात पडून राहायच्या. एका आईने रडून रडून त्यातला एक नंबर मिळवला, सांगितलेल्या ठिकाणी एकटी गेली आणि अंगावरचे दागिने घालवून, हात मोडून परत आली. नंबर देणारा, तेव्हा काकूंच्या जोडीला असलेला मॉडरेटर म्हणाला, मला बघवलं नाही. काकू त्याला जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मग त्यांनी वेबसाइटवाल्याच्या हात धुऊन मागे लागून काढलेल्या पोस्टचा मागमूसही उरणार नाही अशी सोय करून घेतली. त्या सोयीचा त्यांना अभिमान होता.

हेडमास्तर दुसऱ्याच आठवड्यात गळाले. ते लोकांच्या पोस्टींतलं शुद्धलेखन सुधारायचे. ज्याची बायको वर्षभर बेपत्ता होती अशा एका माणसाला त्यांनी स्वल्पविराम शिकवला. त्याने काय उत्तर दिलं ते मास्तरांनी कुणाला दाखवलं नाही, पण ते परत आले नाहीत. नर्स खरं तर चांगली होती. पण तिने एका आईला खासगीत धीर दिला, मग दुसरीला, मग दोघी तिला ड्यूटीवर असतानाही फोन करायला लागल्या. "काकू, मला नाही झेपत," ती म्हणाली आणि स्टुलावरून उठताना फ्रेमची दोन खोकी पाडून गेली.

राहिला वायरमन. त्याचा थोरला भाऊ असाच नाहीसा झाला होता आणि सापडला तेव्हा ओळख पटवायला फक्त बूट उरले होते. त्यामुळे या माणसाला कशाचीच आशा नव्हती आणि हात मात्र स्थिर होता. काकू नवी आलेली पोस्ट वाचून दाखवायच्या, तो मान न हलवता म्हणायचा, "काढा." चुकायचा नाही. फार दिवसांनी काकूंना वाटलं, आपण आता एखादी दुपार तरी माणसासारखी झोपू शकू.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी सगळा समूह वायरमनच्या हवाली केला आणि दवाखान्यात मोबाइल बंद करून ठेवला. काकूंचा स्वतःचा मुलगा घरातून निघून गेला त्या दिवसानंतर मोबाइल बंद व्हायची ही पहिलीच वेळ होती. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. भांडण नाही, चिठ्ठी नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी गेला.

संध्याकाळी सासूबाईंना घरी आणून, डोळ्यात थेंब घालून काकू स्वयंपाकघरात बसल्या आणि त्यांनी वायरमनला फोन लावला.

"सगळं व्यवस्थित झालं काकू," तो म्हणाला. "दोन पोस्टी घरच्यांना कळवल्या, बाकीच्या काढल्या. तुमच्या मुलाबद्दलही एक होती. फोटो नव्हता आणि आपल्या यादीत त्याच्या खुणेची जागा कोरी. म्हणून तीही काढली. बरोबर ना?"

"बरोबर." मुलाबद्दल अशा पोस्टी अधूनमधून यायच्याच, काकू स्वतः काढायच्या. तरी त्यांनी विचारलं, "लिहिलं काय होतं?"

"नेहमीचंच. कुठल्याशा खानावळीत भांडी घासतो, फार बोलत नाही. हां, एक जरा वेगळं होतं. पाणी प्यायच्या आधी ग्लास उजेडाला धरून बघतो म्हणे. म्हणून लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिला."

काकूंनी टेबलाची कड धरली. शाळा सुटली की पोरगा दुकानामागच्या खोलीत स्टुलावर बसून अभ्यास करायचा. काकू घासलेली प्रत्येक काच दिव्यासमोर धरून ओरखडा बघायच्या आणि तो बघताबघता तेच शिकला. घरातला एकही ग्लास त्याने तसा बघितल्याशिवाय तोंडाला लावला नाही. "झाली का तपासणी?" म्हणून बाप चिडवायचा. हे काकूंनी कुठेही लिहिलं नव्हतं. सगळ्या घरांकडून खुणा मागून घेतल्या आणि स्वतःची जागा कोरी ठेवली. मुलाबद्दलच्या पोस्टी आपणच बघणार, मग लिहायचं कुणासाठी, असं त्या स्वतःला सांगायच्या. खरं म्हणजे मुलाचं सगळं काही, उंची, तीळ, चपलेचा नंबर, हजारो लोकांनी वाचलं होतं. एवढं एक त्यांना स्वतःकडे ठेवायचं होतं.

"गाव कुठलं लिहिलं होतं?"

"आठवत नाही काकू. दोनदा वाचायची नाही, म्हणाला होतात."

"नंबर?"

"नाही." मग तो म्हणाला, "काकू, खूण होती का ती? चुकलं का माझं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी शिकवलं तसंच तुम्ही केलंत." आणि त्यांनी फोन ठेवला. माझी सुट्टीची पहिली दुपार आणि वायरमनची एकट्याची पहिली दुपार, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं.

वेबसाइटवाल्याला त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याने एकच सांगितलं, "काकू, काहीही उरत नाही. तुम्हीच तर तसं करून मागितलं होतं." तिसऱ्या वेळी तो बिचारा रडकुंडीला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी समूहावर लिहिलं: माझ्या मुलाबद्दल काल ज्यांनी लिहिलं होतं त्यांनी कृपा करून पुन्हा लिहा. तुमचं खातं चुकून बंद झालं आहे, नवीन उघडा. मी हात जोडते.

पाच मिनिटांत वायरमनचा फोन आला. "काकू, हे आपल्याच नियमात बसत नाही. असं उघड विचारलं की सगळे तुटून पडतात. काढू का?"

"हात लावून तर बघा."

"आणि खाली उत्तरं येतील ती?"

"एकही काढायची नाही."

"बरं काकू," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दया यायला लागली होती आणि ती काकूंना सहन झाली नाही.

दुपारपर्यंत उत्तरांचा खच पडला. सगळ्यांनीच काल लिहिलं होतं. सगळ्यांनीच मुलाला पाहिलं होतं, कुणी स्टेशनात, कुणी कारखान्याच्या फाटकाशी. खानावळ कुणाच्याच पोस्टमध्ये नव्हती. ग्लास तर नव्हताच. काकूंनी ती सगळी उत्तरं दोनदा, चारदा वाचली. मग मशीन बंद केलं, मालकांना डोकं दुखतंय असं सांगून घरी आल्या आणि एकेक नंबर लावायला लागल्या.

"तो पाणी कसं पितो, तेवढं सांगा," त्या प्रत्येकाला विचारायच्या. एक म्हणाला, पितो की सगळ्यांसारखा. एकाने शिवी दिली. एक म्हणाला, बाई, तुम्हाला मुलगा पाहिजे की पाणी? नवरा कामावरून आला, बूट न काढता दारातच उभा राहिला आणि ऐकत राहिला.

पुढचा माणूस आवाजाने वयस्कर वाटला. घाई करत नव्हता. मुलगा बारीक झालाय म्हणाला, बोलत नाही म्हणाला. हे सगळेच म्हणतात, काकूंनी हेच तिघांना शिकवलं होतं.

"पाणी पिताना काय करतो?" काकूंनी विचारलं.

"पाणी..." माणूस थांबला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, ते काकूंना स्पष्ट कळलं. तो आता फोन ठेवणार, तेही कळलं.

"ग्लास उजेडाला धरून बघतो का हो?" काकू म्हणाल्या.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"हो, हो," माणूस लगेच म्हणाला. "अगदी तसंच. उजेडाला धरतो, बघतो, मगच पितो. आम्ही सगळे हसतो त्याला."

काकूंना ठाऊक होतं, हा आणखी चौघांना सांगेल आणि आठवड्याभरात मुलाबद्दलच्या प्रत्येक पोस्टमध्ये तो ग्लास येईल. खरा लिहिणारा परत आला, तरी आता ओळखता येणार नाही. एवढं सगळं त्यांना ठाऊक होतं.

"हसू नका त्याला," त्या म्हणाल्या. "गाडीभाडं किती पाठवू, ते सांगा."